खंड्याचा धनी

मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या बेचक्यात बसलेले आमचे बाळापूर दोन वास्तूंसाठी ओळखले जाते. एक येथील भक्कम किल्ला आणि दुसरी मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी काळ्या दगडाची छत्री. बाहेरगावचा पाहुणा आला की या दोन्ही जागा मी त्याला दाखवतो आणि दाखवता दाखवता तिसरे एक नाव घेतो, छत्रपती शाहू महाराजांचे. पाहुणा हमखास चमकतो. साताऱ्याच्या राजाचा या वऱ्हाडी गावाशी संबंध तो काय? आणि हे शाहू म्हणजे कोल्हापूरचे राजर्षी शाहू नव्हेत, तर त्यांच्या जवळजवळ दोनशे वर्षे आधी जन्मलेले, संभाजीराजांचे पुत्र आणि शिवछत्रपतींचे नातू, हेही त्याला सांगावे लागते.

संबंध आहे आणि तो दुहेरी आहे. बाळापूरच्या किल्ल्याचा आरंभ औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने केला, अशी परंपरा आहे. तो पुरा केला एलिचपूरचा नवाब इस्माईलखान याने, १७५७ मध्ये. काही ठिकाणी किल्ल्याच्या आरंभाचे साल १७२१ दिलेले आढळते, पण आझमशहा १७०७ च्या जूनमध्येच जाजऊच्या लढाईत मारला गेला. तेव्हा आरंभ त्याचा मानायचा तर साल मागे न्यावे लागते आणि साल खरे मानायचे तर आझमशहाचे नाव सोडावे लागते. ते काही असो. मरण्यापूर्वी अवघा महिनाभर आधी याच आझमशहाने शाहू महाराजांना मोगली कैदेतून सोडले होते. हा पहिला संबंध. दुसरा संबंध १७२० च्या बाळापूरच्या लढाईचा. त्यात शाहू महाराजांचे घोडदळ लढले आणि हरले.

पण शाहू महाराजांचे चरित्र मी पुन्हा पुन्हा वाचतो ते या दोन संबंधांसाठी नव्हे. ज्या राजाने आपल्या कुत्र्याला जहागीर दिली, पालखीचा मान दिला आणि त्या कुत्र्याची समाधी जिथे आजही दाखवली जाते, तो हा राजा. इतिहासकारांनी या गोष्टीला कधी विक्षिप्तपणा म्हटले, कधी वेड. मला ते वेड वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगायचे तर राजाची सगळी हकिगत सांगायला हवी.

छावणीतले बालपण

शाहूंचा जन्म १८ मे १६८२ चा, रायगडाजवळच्या गांगवलीचा. मूळ नाव आजोबांचेच, शिवाजी. वयाच्या सातव्या वर्षी, १६८९ च्या मार्चमध्ये, वडिलांची औरंगजेबाने क्रूर हत्या केली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला आणि महाराणी येसूबाई व बाळ शाहू कैद झाले. त्या दिवसापासून पुढची जवळजवळ अठरा वर्षे हा मुलगा बादशहाच्या छावणीत वाढला.

कैद म्हटली की अंधारकोठडी डोळ्यांसमोर येते. ही कैद तशी नव्हती. औरंगजेबाची छावणी म्हणजे तंबूंचे चालते शहर. त्यात बाजार होते, तोफखाना होता आणि हत्ती, उंट, घोडे, बैल यांची गणती करणे कठीण. बादशहाच्या खास वेढ्याला गुलालबार म्हणत, त्याच्या लगत या मायलेकरांचे डेरे असत. औरंगजेबाची मुलगी झीनतुन्निसा हिने मुलावर माया केली. सिंदखेडच्या जाधवांची आणि कण्हेरखेडच्या शिंद्यांची मुलगी करून त्याची दोन लग्नेही छावणीतच झाली. तरीही ती कैदच. आज माया करणाऱ्यांचे मन उद्या फिरले तर काय, ही धास्ती रोजची. त्यांच्यावर धर्म बदलण्याची पाळी आली तेव्हा ते संकट प्रतापराव गुजरांच्या मुलांनी स्वतःवर घेतले, अशी हकिगत आहे. आपल्यासाठी दुसऱ्याने किंमत मोजणे म्हणजे काय, हे शाहूंना विशी-एकविशीतच कळले होते.

असे बालपण गेलेल्या माणसाला जनावरांचा लळा लागला तर त्यात नवल नाही. छावणीत माणसाला माणसाशी बोलताना शब्द तोलावा लागे. जनावराशी तसे काही नसते. घोड्याला बादशहा कोण आणि कैदी कोण ठाऊक नसते, त्याला फक्त खरारा करणारा हात ठाऊक असतो. हे माझे अनुमान आहे, कागदाचा आधार त्याला नाही. पण घोडे, कुत्री, पक्षी आणि शिकार यांची महाराजांना जन्मभर जी ओढ राहिली, तिचे मूळ मला तरी या छावणीत दिसते.

१७०७ च्या मार्चमध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. दिल्लीकडे निघालेल्या आझमशहाने वाटेत, भोपाळच्या बाजूला दोराह्याजवळ, मे महिन्यात शाहूंना जाऊ दिले. हे औदार्य नव्हते. शाहू दक्षिणेत परतले की ताराबाई आणि शाहू यांच्यात गादीसाठी तंटा लागेल आणि मराठे आपापसांत गुंततील, हा त्यामागचा हिशेब होता. शाहूंची आई मोगलांकडेच ओलीस राहिली. ती सुटून साताऱ्याला आली १७१९ मध्ये, मुलाच्या सुटकेनंतर बारा वर्षांनी.

हिशेब अचूक ठरला. शाहू दक्षिणेत उतरताच घराण्यात लढा सुरू झाला. साताऱ्याकडे येताना वाटेत पारद गावी त्यांना विरोध झाला. त्या चकमकीत गावचा पाटील मारला गेला, तेव्हा त्याच्या विधवेने आपले तान्हे मूल शाहूंच्या पालखीत आणून टाकले. शाहूंनी ते मूल आपले म्हणून वाढवले. अक्कलकोटच्या गादीचा मूळपुरुष फत्तेसिंह भोसले तो हाच. १७०७ च्या ऑक्टोबरात खेडला ताराबाईंच्या फौजेशी गाठ पडली आणि सेनापती धनाजी जाधव ऐन वेळी शाहूंकडे वळले. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात राज्याभिषेक झाला.

पण वळलेली माणसे पुन्हा वळतात. धनाजींचा मुलगा चंद्रसेन जाधव याचे आणि बाळाजी विश्वनाथांचे १७११ मध्ये बिनसले, तेही कशावरून, तर शिकारीतल्या एका हरणावरून. बाळाजींच्या स्वाराने पाठलाग केलेले हरीण कोणाचे, एवढाच वाद. त्याचे पर्यवसान चंद्रसेन शाहूंना सोडून निजामाकडे जाण्यात झाले. राज्याचा सेनापती गेला आणि निमित्त झाले एक हरीण. निमित्तच ते, मत्सर आधीपासूनचा होता. शाहू महाराजांच्या पहिल्या दहा वर्षांत कोण आज कोणाच्या बाजूला आहे याचा भरवसा देता येत नसे. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढची खंड्याची गोष्ट नीट कळते.

बाळापूरचे रण

पेशवा बाळाजी विश्वनाथ यांनी सय्यद बंधूंशी करार करून १७१९ मध्ये दिल्लीहून स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. करारात एक कलम होते. दक्षिणेच्या मोगल सुभेदाराच्या मदतीला शाहूंनी पंधरा हजार स्वार द्यायचे. वर्षभरातच ते कलम अंगावर आले. सय्यदांशी फाटलेला निजाम-उल्-मुल्क १७२० च्या उन्हाळ्यात नर्मदा उतरून खाली आला. असीरगड आणि बुऱ्हाणपूर त्याने घेतले, जूनमध्ये खांडव्याजवळ दिलावर अलीखानाला मारले आणि भर पावसाळ्यात तो वऱ्हाडात उतरला. औरंगाबादेहून त्याच्यावर चालून आला सय्यद हुसेन अलीचा पुतण्या आलम अलीखान, ऐन विशीतला तरणा सुभेदार. त्याच्या बाजूला करारानुसार शाहूंचे मराठे होते. खंडेराव दाभाडे, शंकराजी मल्हार आणि दाभाड्यांच्या पथकातले दमाजी गायकवाड.

आमच्याकडचा श्रावण ज्यांनी पाहिला आहे त्यांना ती छावणी कशी असेल ते सांगायला नको. काळी जमीन भिजली की माणसाचे जोडे ती ओढून घेते, मग तोफेच्या गाड्याचे आणि बैलांचे काय होत असेल? पूर्णा दुथडी भरलेली, मन आणि म्हैस फुगलेल्या, रसद अडलेली. निजामाच्या गोटात धान्य सोन्याच्या मोलाचे झाले आणि वैरण संपली. जनावरांना झाडपाल्यावर काढावे लागले आणि ती चिखलातच बसू लागली. लढाईआधी जी हानी होते तिचा हिशेब बखरीत येत नाही. तो हिशेब जनावरांच्या नावावर असतो.

ऑगस्ट १७२० मध्ये बाळापूरजवळ दोन्ही फौजा भिडल्या. मराठे दोन्हीकडे होते. चंद्रसेन जाधव आणि रंभाजी निंबाळकर निजामाच्या बाजूला, दाभाडे-गायकवाड समोर. आलम अलीखान हत्तीवर होता. त्या काळी सेनापती हत्तीवर बसे, कारण सगळ्या फौजेला तो दिसायला हवा. आणि त्यातच मोठा धोका. १६५८ मध्ये सामूगढला दारा शुकोह हत्तीवरून उतरला, अंबारी रिकामी दिसताच फौजेने त्याला मेला असे समजून पळ काढला. बाळापुरात उलटे घडले. बाणांनी आणि गोळ्यांनी जर्जर झालेला आलम अलीचा हत्ती पाठ फिरवून निघाला. रक्ताने न्हालेल्या आलम अलीने अंबारीतच शत्रूकडे तोंड केले आणि हत्ती पळतो आहे, मी नाही, असे तो ओरडून सांगत राहिला. भात्यातले बाण संपले तेव्हा अंगात आणि अंबारीत रुतलेले शत्रूचेच बाण उपसून त्याने परत मारले, असे त्या काळचा इतिहासकार खाफीखान लिहितो. शेवटी तो तिथेच पडला. मराठ्यांचे शंकराजी मल्हार जखमी होऊन पाडाव झाले आणि त्यातच गेले. दमाजी गायकवाडांनी मात्र असा पराक्रम केला की पुढे त्यांना समशेर बहादर हा किताब मिळाला. बडोद्याच्या गायकवाड घराण्याचा उदय आमच्या गावाच्या शिवारातून झाला म्हटले तरी चालेल.

आलम अलीच्या शौर्याचे वर्णन मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा माझे मन त्या हत्तीकडे जाते. धन्याने त्याला पळपुटा ठरवले. पण त्याने काय करायचे होते? अंबारीतल्या माणसाला इभ्रत होती, सूड होता, काकाचे उपकार होते. हत्तीला यातले काहीच नव्हते. सोसवेल तेवढे त्याने सोसले आणि मग तो वळला.

घोड्यांची गोष्ट आणखी वेगळी. मराठी फौजेत स्वारांचे दोन प्रकार. सरकारी पागेतल्या घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःच्या पैशाने घोडे-हत्यार आणणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची कमाई मेली. पुष्कळदा कर्ज काढून घेतलेले ते भीमथडीचे तट्टू म्हणजे त्याचे शेत, त्याचे बैल, त्याची अब्रू. मराठे समोरासमोरची लढाई टाळून गनिमी काव्याने लढत, याचे एक कारण इथेही आहे. अंगावर गोळी घेण्यापेक्षा घोडा वाचवून परत येणे त्यांना शहाणपणाचे वाटे. स्वार आधी घोड्याला चारा घाली आणि मग स्वतः भाकरी खाई. ही माया होती की व्यवहार, हा प्रश्न शेतकऱ्याला विचारून पाहावा. बैलावर त्याची माया असते की गरज, हे त्यालाही वेगळे करून सांगता येणार नाही. बाळापूरच्या चिखलात असे किती शिलेदार पायउतार झाले असतील, त्यांची नावे कुठेही नाहीत.

खंड्या

आता कुत्र्याची गोष्ट. शाहू महाराजांना शिकारीचा नाद मोठा. चांगली कुत्री, घोडे, बंदुका, नवलाचे पक्षी यांचा शोध ते सतत घेत. असेच एकदा रानात असताना वाघ त्यांच्यावर आला. खंड्या नावाचा त्यांचा कुत्रा मध्ये पडला आणि महाराज वाचले. हकिगतीचे तपशील सांगणारागणिक बदलतात. कोणी म्हणतात खंड्याने भुंकून सावध केले, कोणी म्हणतात तो वाघाशी झुंजला. गाभा एकच, कुत्र्यामुळे राजाचा जीव वाचला. महाराजांनी त्याच्या नावे जहागिरीची सनद करून दिली आणि पालखीचा मान दिला. पालखी म्हणजे नुसते वाहन नव्हे. ती बाळगण्याचा हक्क राजा देई, तिच्या खर्चासाठी नेमणूक लावून दिली जाई आणि मोठमोठे सरदार त्या मानासाठी वर्षानुवर्षे झुरत. तो मान एका कुत्र्याला मिळाला आणि पालखीचा सगळा सरंजाम रीतसर चालू राहिला.

दुसरी हकिगत दरबारातली. सापचे इंद्रोजी कदम हे बडे सरदार. आपल्या वैभवाचा त्यांना फार ताठा, आणि तो मिरवीत ते राजाच्या भेटीला आले. त्या दिवशी महाराजांनी काय करावे? खंड्याला जरीची झूल घातली, दागिन्यांनी मढवले आणि स्वतःच्या डोक्यावरची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली. राजा उघड्या डोक्याने बसला आणि कुत्रा राजाच्या थाटात. त्यानंतर महाराजांनी पुन्हा कधी डोक्यावर काही घातले नाही, असे सांगतात.

मराठ्यांचा पहिला मोठा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ हा प्रसंग महाराजांच्या चित्तभ्रमाचा पुरावा म्हणून देतो. त्याच्या मते राजाचे मन त्या काळात ठिकाणावर नव्हते. मराठी मनाने मात्र तो प्रसंग गर्विष्ठ सरदाराला दिलेली चपराक म्हणून जपला. मला दोन्ही अर्थ अपुरे वाटतात. चपराक द्यायला एक दिवस पुरला असता, त्यासाठी जन्मभराची जहागीर आणि पालखी लागत नाही. आणि वेड म्हणावे, तर ज्याने वेडाच्या भरात दिले त्याने शुद्धीवर आल्यावर परत घेतले असते. महाराजांनी परत काही घेतले नाही.

शाहूंच्या बाजूने पाहा. सात वर्षांच्या वयापासून त्यांनी पाहिले काय? वडिलांना पकडून देणारे आपले. आजोबांच्या राज्यात आपल्यालाच तोतया ठरवणारे आपले. धनाजी आला तो वळून, चंद्रसेन गेला तो रुसून. प्रत्येकाच्या निष्ठेला काही ना काही किंमत होती. सरंजाम हवा, वतन हवे, किताब हवा. त्या काळचा तो रिवाजच होता, त्यात कोणाला विशेष दोष देता येणार नाही. पण खंड्याने काही मागितले नव्हते. ज्याने मागितले नाही त्याला न मागता सगळे द्यावे, हा न्याय राजाने केला. दरबारातले वतनदार त्या पालखीकडे पाहून मनात काय म्हणाले असतील, याची कल्पना केलेली बरी.

आणि हे काही जगावेगळे नव्हते. महाराजांच्या आठशे वर्षे आधी, राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण याच्या काळात, चोळांविरुद्धच्या युद्धात मनलेर नावाच्या वीराने मोठा पराक्रम केला. त्याचा धनी गंग राजा बूतुग याने काय हवे ते माग म्हटले. मनलेराने गाव मागितले नाही, सोने मागितले नाही. त्याने राजाची काळी नावाची कुत्री मागितली. पुढे ती काळी एका मोठ्या रानडुकराशी झुंजली आणि दोघेही मेले. तिच्या नावाने शिळा उभारली गेली आणि पूजेसाठी जमीन लावून दिली. कर्नाटकातल्या आतकूर येथील इसवी सन ९४९-५० चा हा शिलालेख प्रसिद्ध आहे. रणात नाव काढलेल्या शिपायाला बक्षीस म्हणून कुत्री मागावीशी वाटली, यात त्या दोन जिवांचे नाते आले.

रायगडावरच्या वाघ्याचीही आठवण इथे होणारच. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या त्या कुत्र्याच्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही आणि तिच्यावरून वादही पुष्कळ झाले. त्यात मी शिरत नाही. नातवाच्या कुत्र्याला मात्र जहागीर होती, पालखी होती आणि समाधी आहे. तरी महाराष्ट्रात वाघ्या शंभरांना ठाऊक असला तर खंड्या एखाद्यालाच.

शिकारीतून मिळालेले वऱ्हाड

शाहू महाराजांच्या या नादाचा आम्हा वऱ्हाडकरांशी आणखी एक धागा आहे. यवतमाळकडच्या भाम येथे कान्होजी भोसले हे सेनासाहेब सुभा होते. त्यांचा पुतण्या रघूजी काकाशी बिनसल्यावर एलिचपूर आणि देवगड असे फिरत फिरत साताऱ्याला पोचला. रघूजी धाडसी होता आणि शिकारीत तरबेज. महाराजांबरोबर तो रानोमाळ हिंडू लागला आणि त्यांच्या मर्जीत बसला. महाराजांनी आपल्या शिर्के घराण्यातल्या राणीची बहीण त्याला देऊन त्याला साडू करून घेतले. पुढे कान्होजींचा बंदोबस्त करायला त्यालाच धाडले. वणीजवळ कान्होजी सापडले आणि सेनासाहेब सुभा हे पद रघूजीकडे आले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य, त्यांची बंगालपर्यंतची दौड आणि वऱ्हाडात निजाम व भोसले यांनी मिळून वसूल घेण्याची दोअमली, या सगळ्याच्या मुळाशी साताऱ्याच्या रानातली ती सोबत होती. राजा माणसाची पारख शिकारीत करत असावा. वाघ समोर आला की कोण पुढे होतो आणि कोण मागे सरतो, हे दरबारात कळत नाही.

एरवी हा राजा स्वतः रणावर फार गेला नाही. १७०८ ते १७४९ अशी बेचाळीस वर्षे त्याने राज्य केले. त्या काळात बाजीरावाने पालखेडला निजामाला नमवले, चिमाजीअप्पांनी वसई घेतली, मराठी घोडी नर्मदेपलीकडे पाणी प्याली. राजा साताऱ्यात बसून माणसे सांभाळत होता. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत बाजीरावाच्या फौजेकडून सेनापती त्रिंबकराव दाभाडे मारले गेले, तेव्हा उमाबाईंचे दुःख शमवायला महाराज स्वतः तळेगावला गेले. त्याच वर्षी कोल्हापूरच्या चुलतभावाशी वारणेचा तह करून त्यांनी घराण्यातले भांडण मिटवले. कैदेतल्या दिवसांपासून साथ देणाऱ्या विरूबाई १७४० मध्ये गेल्या आणि राजा आतून खचला. शेवटची वर्षे वारसाची चिंता, राण्यांचे हेवेदावे आणि आजारपण यांत गेली. पोटी मुलगा राहिला नव्हता. १५ डिसेंबर १७४९ रोजी साताऱ्यात त्यांचे निधन झाले.

माहुलीचा चौथरा

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा यांचा संगम आहे, तेच संगम माहुली. श्रीपतराव प्रतिनिधींनी बांधलेले विश्वेश्वराचे देखणे मंदिर तिथे आहे, राजघराण्याच्या समाध्या आहेत, शाहू महाराजांची समाधीही तिथेच. आणि तिथेच एका दगडी चौथऱ्यावर बसलेला दगडी कुत्रा, तो खंड्या. मी तिथे गेलो तेव्हा मला वाट दाखवणाऱ्याने राजाच्या समाधीआधी कुत्र्याची दाखवली. ऊन-पावसाने झिजलेल्या त्या मूर्तीत कारागिरी शोधायला जाऊ नये. वतनदारांच्या पालख्या, सनदा आणि सरंजाम गेले. एका मुक्या जनावराची आठवण राहिली.

आज राजे राहिले नाहीत, पण रणातली कुत्री आहेत. मेरठला सैन्याच्या पशुवैद्यकीय दलाचे केंद्र आहे, तिथे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉइस ही कुत्री स्फोटके हुंगायला, माग काढायला, अतिरेक्यांच्या दडणीत आधी शिरायला शिकतात. २०१६ मध्ये तिथे मुधोळ हाऊंडही दाखल झाला. हा आपल्याच ओळखीचा, मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासलेला शिकारी कुत्रा. २०२२ च्या ऑक्टोबरात काश्मीरमध्ये झूम गोळ्या लागूनही अतिरेक्यांशी झुंजला आणि काही दिवसांनी गेला. २०२३ च्या सप्टेंबरात राजौरीत केंट नावाची लॅब्रॅडॉर कुत्री आपल्या सांभाळ करणाऱ्या जवानाला वाचवताना पडली. मुंबईकरांना १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर हजारो किलो स्फोटके हुडकून देणारा पोलिसांचा झंजीर आठवत असेल. तो २००० मध्ये गेला तेव्हा त्याला सन्मानाने निरोप देण्यात आला.

या जोडीत जवान आणि कुत्रा एकत्र शिकतात, एकत्र राहतात. जवान पट्ट्याच्या एका टोकाला आणि कुत्रा दुसऱ्या. स्फोटकाकडे आधी जातो तो कुत्रा, आणि तो तिथे का जातो याचे उत्तर युद्धशास्त्रात नाही. त्याला देश, सीमा, शत्रू या गोष्टी माहीत नाहीत. मागच्या माणसाने जा म्हटले म्हणून तो जातो. म्हणूनच त्याच्या विश्वासाचे ओझे सगळे माणसावर येते. ते आपण नेहमीच नीट उचलले, असे नाही. काही वर्षांपूर्वीपर्यंत कामातून उतरलेल्या लष्करी कुत्र्यांना बहुधा मरण दिले जाई. २०१५ च्या सुमारास ही गोष्ट लोकांसमोर आली, ओरड झाली, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि मग निवृत्त कुत्र्यांना सांभाळण्याची, लोकांना दत्तक देण्याची वाट मोकळी झाली. तीनशे वर्षांपूर्वीच्या ज्या राजाला आपण विक्षिप्त म्हणतो, त्याने खंड्याची पालखी खंड्या म्हातारा झाला म्हणून काढून घेतली नव्हती.

आम्ही वऱ्हाडातले लोक पोळ्याला बैलाची शिंगे रंगवतो, त्याच्या अंगावर झूल घालतो, त्याला पुरणपोळीचा घास देतो आणि त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाही. त्याला कोणी वेड म्हणत नाही. शाहू महाराजांनी खंड्याला झूल घातली ती याहून वेगळी नव्हती. एवढाच फरक की आम्ही ते वर्षातून एकदा करतो आणि बैल थकला की त्याला कुठल्या बाजाराची वाट दाखवायची, याचाही हिशेब करतो. राजाने तो हिशेब केला नाही.

बाळापूरच्या लढाईला २०२० मध्ये तीनशे वर्षे झाली. साथीच्या त्या वर्षात कोणाला त्याची आठवण होण्यासारखी स्थितीही नव्हती. त्या रणाची माहिती देणारा एक साधा फलक किल्ल्यापाशी लागावा, असे मला वाटते. त्यावर निजामाचे नाव असेल, आलम अलीचे असेल, दाभाडे-गायकवाडांचेही असेल. शेवटच्या ओळीत श्रावणाच्या चिखलात वैरणीवाचून बसलेल्या बैलांचा, शिलेदारांच्या घोड्यांचा आणि पाठ फिरवली म्हणून बोल लागलेल्या त्या हत्तीचाही उल्लेख असावा. गावातल्या मुलांनी तो वाचला आणि हत्तीचे पुढे काय झाले असे मास्तरांना विचारले, तर फलकाचे काम झाले.